काल रात्री कुठं झोपलास?

(मिशनच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला विषय दिला आहे 'शहरात येणारी आपली मुलं'. मिशनचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. बालवाडी, दवाखाना, पावसाळ्यात वाहून गेलेला रस्ता. त्यासाठी आपण दान देता, प्रार्थना करता, त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते. पण त्याच डोंगरातली मुलं बारावी होऊन दर जूनमध्ये एसटीनं पुण्याला येतात आणि आपल्याच गल्लीतल्या टपरीवर चहा पीत उभी असतात. त्यांच्याकडे पाहून हे मिशनचं काम आहे असं आपल्या मनात येत नाही. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

मी स्वतः १९८७ च्या जूनमध्ये नवापूर तालुक्यातून इथं आले. तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पत्र्याची पेटी, त्यात दोन साड्या, पवित्र शास्त्र आणि आईनं बांधून दिलेली चार किलो तूरडाळ. पहाटे शिवाजीनगरला उतरले. वडिलांनी निघताना बजावलं होतं, शहरात कुणाला काही विचारू नको, फसवतात. मी वडिलांचं ऐकलं. पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. तासाभरानं पुन्हा त्याच स्टँडवर आले.

तिथं झाडू मारणारी एक बाई मला केव्हाची पाहत होती. तिनंच हाक मारली, "पोरी, कुठं जायचंय तुला?" तिनं मला बसमध्ये बसवलं, कंडक्टरला सांगितलं आणि बस सुटेपर्यंत दोन गोष्टी सांगितल्या. एक, भाड्याचे सुटे पैसे वेगळ्या रुमालात बांध, सगळ्यांसमोर मोठी गाठ सोडू नको. दुसरी, पत्ता विचारायचा तर रस्त्यात उभ्या असलेल्याला विचारू नको, दुकानात बसलेल्याला विचार. तो उद्याही तिथंच असतो. खोटं सांगून तो जाणार कुठं? इतकी वर्षं मी या शहरात नोकरी केली, पण याहून उपयोगाचा सल्ला मला कुणी दिला नाही. तिचं नाव मी विचारलं नाही, ते मनाला लागून राहिलं आहे.

गणनेच्या पुस्तकाचा दहावा अध्याय आपण वाचला असेल. इस्राएल लोक सीनायच्या रानातून तळ हलवून निघाले आहेत. देवाचा मेघ त्यांच्याबरोबर आहे. आणि तरीही मोशे होबाबाची विनवणी करतो. होबाब मिद्यानी, मोशेच्या सासरचा माणूस. मोशे त्याला म्हणतो की आम्हाला सोडून जाऊ नको, या रानात तळ कुठं द्यायचा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. लहानपणी संडेस्कूलमध्ये मला हे कोडंच वाटायचं. देवाचा मेघ असताना होबाब कशाला? आता वाटतं, कधी निघायचं आणि कधी थांबायचं हे मेघ दाखवत होता. पण पाणी कुठल्या खडकाच्या आडोशाला मिळेल, वारा कुठून सुटतो, विंचू कुठं निघतात, हे त्या रानात वाढलेल्यालाच माहीत असणार. मोशेसारख्याला ते विचारायची लाज वाटली नाही. आणखी एक लक्षात घ्या, होबाब पहिल्यांदा नाहीच म्हणतो. मला माझ्या गावी जायचं आहे म्हणतो. आपलंही पहिलं उत्तर बहुधा असंच काहीतरी असतं.

आता जी गोष्ट सांगायला मी इथं उभी आहे ती सांगते. सोपी नाही मला.

तीन वर्षांपूर्वी अक्राणीच्या बाजूचा एक मुलगा डिप्लोमाला आला. आपल्या मंडळीत रविवारच्या उपासनेला मागच्या बाकावर बसला होता. उपासना संपल्यावर मी त्याच्याजवळ गेले. "काय बाळा, सगळं ठीक ना?" तो म्हणाला, "हो, सिस्टर." मी म्हटलं, "काही लागलं तर सांग हो." आणि चहा घ्यायला गेले.

त्या दिवशी सकाळी तो रेल्वे स्टेशनवरून उठून आला होता. चार रात्री तिथं झोपत होता. एका एजंटानं त्याला खोली दाखवून डिपॉझिटचे आठ हजार घेतले होते. पावती नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद. ते पैसे वडिलांनी बैल विकून दिले होते. त्याच्या खिशातल्या डायरीत आपल्या पाळकसाहेबांचा नंबर लिहिलेला होता. त्यानं तो लावला नाही. ऑगस्टमध्ये तो गावी परतला आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेला. आम्हाला हे कळलं नाताळात, गावच्या पाळकांकडून.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्या घरी गेले. मी विचारलं, "अरे, मी तुला विचारलं होतं ना?" तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही ठीक ना म्हणालात, म्हणून मी हो म्हणालो."

तेव्हापासून मी तो प्रश्न विचारत नाही. मी विचारते, काल रात्री कुठं झोपलास? सकाळपासून काय खाल्लंस? कुणाला पैसे दिलेस, किती दिलेस, पावती दाखव. तुझा मूळ दाखला या घटकेला कुणाजवळ आहे? पोलिसासारखं वाटतं, मला माहीत आहे. एका बाईंनी मला तसं बोलूनही दाखवलं. पण या प्रश्नांना नुसतं 'हो' म्हणून उत्तर देता येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, आपण काय सल्ला देणार? आम्ही ना वकील ना समाजसेवक. पण इथं राहून राहून आपल्याला किती गोष्टी माहीत झाल्या आहेत, याची आपल्याला कल्पनाच नसते. साधं बघा. गावाकडचे लोक मुलाला अजून शिवाजीनगरला उतर म्हणून सांगतात. मेट्रोच्या कामासाठी ते स्टँड २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हललं. मुलगा एकीकडे, न्यायला आलेला मामा दुसरीकडे. तेव्हा गाडी नक्की कुठं थांबणार हे त्या वेळी विचारून मुलाला कळवणं, हे कुणीही करू शकतं.

खोलीचं घ्या. कॉट बेसिसवर जागा घेताना मुलं भाडं विचारतात आणि भिंतीचा रंग बघतात. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ असतं, हे घरमालकाला विचारून उपयोग नाही, शेजारणीला विचारावं. जागा एकदा दिवसा बघावी आणि एकदा रात्री आठनंतर. खोलीत आधी राहणाऱ्या मुलाशी दोन शब्द बोलावेत. डिपॉझिट रोख दिलं तर त्याच जागी कागदावर लिहून सही घ्यावी. सही द्यायला जो कुरकुर करतो, त्याची खोली कितीही चांगली असली तरी नको. हे तुम्हाला मी सांगायला हवं का? नाही. त्या मुलाला मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं.

कागदपत्रांचं थोडं किचकट आहे, पण नर्सबाईला शिकता आलं तर तुम्हालाही येईल. मूळ दाखले आणि जात वैधता प्रमाणपत्र घरमालकाजवळ किंवा एजंटाजवळ कधीही ठेवायचं नाही, झेरॉक्स द्यायची. पुण्यातल्या शासकीय आदिवासी वसतिगृहांचं काम आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाकडे आहे. मुलं हे शहरातच कुठंतरी असेल म्हणून दिवसच्या दिवस फिरतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. अटींत बसणाऱ्याला पुण्यासारख्या शहरात जेवण, राहणं आणि किरकोळ खर्च धरून वर्षाला ६० हजार रुपये खात्यात मिळतात, पण हप्त्यानं, म्हणजे पहिले काही महिने घरच्याच पैशावर काढायचे असतात. आणि एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिल्याच भेटीत सांगते. मुलं इथं आल्यावर नवं सिमकार्ड घेतात आणि जुनं टाकून देतात. आधारला जुना नंबर जोडलेला असतो. ओटीपी त्या बंद नंबरवर जातो आणि अर्ज, शिष्यवृत्ती, बँक, सगळं अडतं. जुनं सिम जपून ठेव, एवढंच वाक्य आहे.

भाषेचंही आहे. आपली मुलं घरी पावरी बोलतात, मावची बोलतात, वसावी बोलतात. मराठी शाळेत शिकलेली. मी आल्यावर पहिल्या आठवड्यात मेट्रनबाईंना 'तू' म्हटलं होतं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो, पण महिनाभर त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. इथल्या लोकांचा स्वभावही आपल्याला माहीत आहे. पत्ता विचारू नये अशी पाटी लावणाऱ्या घरातला माणूस विचारलं तर कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो. पण नव्या माणसाला फक्त पाटी दिसते.

मला कधी कधी वाटतं की सल्ला देणारे आपण आणि घेणारे ते, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. काही वर्षांपूर्वी आपल्या तरुण संघानं डोंगरात आरोग्य शिबिर ठेवलं. डॉक्टर, औषधं, मंडप, सगळी तयारी. सकाळी अकरापर्यंत पाच म्हातारी माणसं आली. शेवटी गावातली एक आशाताई म्हणाली, "आज बाजार आहे, गाव रिकामं आहे. तुम्ही आधी विचारायचं ना!" सामान जीपमध्ये घालून बाजारात नेलं आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना मान वर करायला वेळ मिळाला नाही. तिथं ती आशाताई आपली होबाब होती. इथं पाळी आपली आहे.

काही गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. मुलं आली की आपण जुने कपडे काढून देतो. प्रेमानंच देतो. पण त्या मुलाला कपड्यांपेक्षा तुमच्या गल्लीतल्या अशा मेसवालीचं नाव हवं असतं, जी महिनाअखेरीला चार दिवस थांबते. दुसरं, पाच घरांनी मिळून एका मुलीला रोज फोन करायचे नाहीत. मागं असं झालं आणि ती बिचारी फोन बंद करून बसली. आणि तिसरं, हे मी स्पष्टच बोलते. उपासनेला येत नाही म्हणून त्या मुलाचा फोन उचलायचा नाही, असं कुणी करू नये. आपल्या गावांतून सगळीच मुलं येतात. स्टेशनवर झोपलेल्याला आधी तू कुठल्या मंडळीचा, असं विचारू नका.

गेल्या जूनमध्ये तळोद्याची एक मुलगी आली. मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "मैत्रिणीच्या होस्टेलमध्ये लपून झोपले, आज मेट्रन तपासणार आहे." दुपारचे बारा वाजले होते. आपल्या महिला मंडळातल्या एक विधवा भगिनी बाजूला उभ्या होत्या. त्यांनी दुसरं काही न विचारता म्हटलं, "पिशवी कुठं आहे तुझी? चल, आणू." ती मुलगी तीन आठवडे त्यांच्याकडे राहिली, मग वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं. आता पुढच्या जूनला वाकडेवाडीला मुलं उतरवून घ्यायला मीच जाणार, असं ती म्हणते आहे. मी तिला एवढंच सांगितलं की थर्मासमध्ये चहा ने आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचार.

मिशननं यंदापासून असं ठरवलं आहे की गावाहून निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात दोन घरांचे नंबर द्यायचे. एकच दिला तर संकोच वाटतो, आणि नेमका तो लागतही नाही. या दोन घरांनी पैसे द्यायचे नाहीत, खोली द्यायची नाही. पहिल्या पंधरा दिवसांत तीनदा भेटायचं आणि मघाचे चार प्रश्न विचारायचे. उत्तर ऐकून काही सुचलं नाही तर मला किंवा पाळकसाहेबांना कळवायचं.

वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. त्यात आपलं नाव, पेठ किंवा वसाहत आणि फोन नंबर लिहा. नंबर असा लिहा जो तुम्ही पहाटे पाच वाजताही उचलाल. नंदुरबारकडची रात्रीची गाडी त्याच सुमाराला पोहोचते.