जीर्णोद्धाराचा माल आणि मोबाइलवरची पारख
(कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



कलश चढला तो सर्वांनी डोळे भरून पाहिला. पण त्याच्याखाली जी सळई, सिमेंट आणि वाळू आहे, ती कोणाकडून व कशी घेतली हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वर्गणीच्या वहीत खुरपणीला जाणाऱ्या बायांचे शंभर-शंभर रुपये लिहिलेले आहेत. तेव्हा ही हकीकत सर्वांच्या कानांवर घालणे समितीला आवश्यक वाटले.

सभामंडपाच्या स्लॅबला चार टन सळई लागणार होती. समितीतील एका तरुण सभासदाने मोबाइलवर मालाची चौकशी टाकली. एकदा चौकशी टाकली की फोन थांबत नाहीत, जेवतानाही नाहीत. दोन दिवसांत सात दरपत्रके आली. त्यांतले एक तालुक्याच्या दुकानदारापेक्षा किलोमागे नऊ रुपयांनी स्वस्त, म्हणजे छत्तीस हजारांची बचत. अट एवढीच की निम्मी रक्कम आगाऊ पाठवावी. निम्मी म्हणजे लाखावर रुपये. बैठकीत बहुतेकांचा कौल पाठवावेत असाच पडला. खजिनदार मात्र अडून बसले.

त्यांच्या बारावीतल्या नातीने तिथेच बसून दरपत्रकावरचा जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढील दहा अक्षरे पॅनची. नंबर टाकताच व्यापाऱ्याचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे विनामूल्य दिसते. या नंबरापुढे नोंदणी रद्द असे आले. ज्याची नोंदणीच रद्द, त्याला कर लावून बिल करता येत नाही. आणि याच्या दरपत्रकात तर 18 टक्के कर लावलेला! त्यात पैसे ज्या खात्यावर मागितले होते ते दुकानाच्या नावे नसून भलत्याच इसमाच्या नावे होते. फोन करून खुलासा विचारला, तर पलीकडून फोन ठेवला गेला.

नुसता नंबर खरा निघाला म्हणजे झाले, असेही नाही. दुसऱ्याचा चालू नंबर आपल्या कागदावर छापणारे महाभाग आहेत. म्हणून नोंदणीतील नाव, बिलावरील नाव आणि बँक खात्याचे नाव, तिन्ही जुळतात की नाही हे पाहावे. न जुळल्यास दर कितीही गोड असो, पैसे पाठवू नयेत.

सिमेंटच्या बाबतीत वेगळाच प्रकार घडला. दि. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरील कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराच्या दरपत्रकात मात्र 28 टक्केच होते. मूळ दर तीनशे धरला तर गोणीमागे तीस रुपयांचा फरक. मुद्दाम केले असेल असे नाही, जुन्या कागदावर नवी तारीख घातली असावी. दाखविताच त्याने दुरुस्त करून दिले. दरपत्रके ताडताना मूळ दर, कर आणि गाडीभाडे वेगवेगळे मांडावे, नाहीतर स्वस्त कोणते तेच कळत नाही.

गोणीवरील व सळईच्या लेबलावरील आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो घातला की परवाना कोणत्या कारखान्याचा आणि चालू आहे का, हे कळते. वाळूच्या गाडीचा वाहतूक परवाना महाखनिज प्रणालीवर तपासता येतो. देवळाच्या कामाला चोरीची वाळू लागू नये, एवढे तरी पथ्य पाळलेच पाहिजे.

समितीतील एका वयोवृद्ध सभासदांना हे काहीच पटले नाही. "माल हाताने पारखावा, काचेत बघून नव्हे," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परवाना दिसतो, पण वाळूत माती किती हे मोबाइल सांगत नाही. त्यांनी काचेच्या बरणीत वाळू व पाणी घालून हलविले आणि बरणी रात्रभर ठेवली. सकाळी वर मातीचा जाड थर दिसला. ती गाडी परत गेली. सळईचेही तसेच. बारा मिलिमीटरची सळई मीटरला साधारण 888 ग्रॅम भरते, म्हणजे बारा मीटरची एक सळई साडेदहा किलोच्या थोडी वर. तालुक्याच्या दुकानदाराची सळई काट्यावर घालून पाहिली, वजन बरोबर भरले. शेवटी सळई त्याच्याकडूनच घेतली. दर थोडा चढा पडला, पण उरलेला माल त्याने कुरकुर न करता परत घेतला.

गाभाऱ्याचा चुना मात्र कोठेच मिळेना. दगडी भिंती जुन्या चुन्यातल्या. त्यांच्या दर्जांत सिमेंट भरले तर ओल आत कोंडते आणि दगड झिजतो, म्हणून पाथरवटाने चुन्याचाच आग्रह धरला. मोबाइलवर भिंतीला लावायच्या सफेदीच्या पुड्या निघाल्या, त्या उपयोगाच्या नव्हत्या. अखेर पाथरवटाच्या सासुरवाडीकडील एका म्हाताऱ्या चुनेवाल्याचा पत्ता लागला. त्याच्याकडे मोबाइल नाही. दोन सभासद एस.टी.ने जाऊन त्याला भेटले, चुना भिजवून पाहिला आणि मगच ठरविले. त्याची हाताने लिहिलेली पावती इतर बिलांबरोबर सभामंडपातील फलकावर लावली आहे, ती प्रसाद घेऊन जाताना सर्वांनी पाहावी.