जुन्या मोटारीची ताकद
(वार्षिक संमेलनातील भाषण)



भाता आणि ऐरण ही आपल्या लोहार-पांचाळ ज्ञातीची पूर्वापार दौलत. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा. ऐरणीवरचा हात लेथवर गेला. 2010 मध्ये याच शहरातील मंडळींनी एका वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या, तेव्हा देशाने नवल केले. त्या मोटारींना आता पंधरा वर्षे उलटली. त्यांची इंजिने उद्या कोणाच्या हातून उघडली जाणार, हा आपल्या तरुणांच्या भाकरीचा प्रश्न आहे.

जुन्या मोटारीचा धनी म्हणतो, "इंजिन बांधाच, पण ताकदही वाढवून द्या." उदाहरणादाखल 1995 पासून पुण्यात जुळणी झालेली ई-220 घेऊ. तिचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन 2199 घनसेंटीमीटरचे, ताकद 150 अश्वशक्ती. पुष्कळांची समजूत अशी की, बोअर वाढविला म्हणजे ताकद वाढते. हिशेब करून पाहावा. 89.9 मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढविला, तर आकारमान वाढते सुमारे 24 घनसेंटीमीटर, म्हणजे शेकडा एकाहून किंचित अधिक. बोअर मारावयाचा तो झिजून अंडाकृती झालेले सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी.

दुसरा मार्ग हेडचा फेस मारण्याचा. या इंजिनाचे दाबप्रमाण दहास एक. प्रत्येक सिलिंडरची दाबकोठी सुमारे 61 घनसेंटीमीटरची. तीतून 3 घनसेंटीमीटर कमी केले की प्रमाण साडेदहाच्या आसपास जाते. लाभ थोडा, परंतु व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात, टायमिंग सरकते आणि नॉकिंगचे भय वाढते. कारखान्याने घातलेली मर्यादा ओलांडणे म्हणजे धन्याच्या पैशाने जुगार खेळणे होय.

इंजिनाचा खरा आहार हवा. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच. येथील हवा शेकडा पाचाने विरळ. म्हणजे 150 पैकी सात-आठ अश्वशक्ती येथे आपोआपच गळतात. त्यात व्हॉल्व सीटवर नीट न बसणे, रिंगांतून दाब निसटणे, मॅनिफोल्ड आणि हेड यांची छिद्रे एकरेषेत नसणे, हे दोष जमले की गाडी निम्मी होते. हे दोष काढणे हीच पहिली आणि प्रामाणिक ताकदवाढ. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. तेव्हा जुने रबरी पाइप बदलल्यावाचून आणि मिश्रण तपासल्यावाचून गाडी धन्याच्या हवाली करू नये.

बंधूंनो, हे सारे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा मायक्रोमीटर आणि बोअर गेज हीच आजची ऐरण. एकट्या तरुणाला ही साधने परवडत नसतील, तर ज्ञातीने वर्गणीतून एक संच घ्यावा आणि तो सर्वांस वापरावयास द्यावा. प्रत्येक बांधलेल्या इंजिनाची मापे, काम करण्यापूर्वीची व नंतरची, कागदावर लिहून धन्याच्या हाती द्यावीत. ज्या कारागिराचा कागद आणि काम एकच बोलतात, त्याच्या दारी गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येते.