बच्चेदानी काढण्यापूर्वी विचारा
(पालक मेळाव्यातील भाषण)



बायकांच्या दुखण्यावर पुरुष शिक्षकाने बोलावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु दवाखान्यातील कागदावर सही बहुधा आपणच करतो!

बीड जिल्ह्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या, असे २०१९ साली विधान परिषदेत सांगण्यात आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खाडा झाला की मजुरी बुडते, दंड बसतो, म्हणून ऐन तारुण्यात पिशवी काढून घेतलेल्या ऊसतोड भगिनींची हकीकत तेव्हा सर्वांना कळली.

पिशवीसोबत दोन्ही बीजकोश काढले, तर पाळी जाण्याचे वय एका दिवसात येते. काहींचे बीजकोश शस्त्रक्रियेशिवायही चाळिशीपूर्वीच थकतात. शंभरांत सुमारे एकीचे.

हाड म्हणजे दगड नव्हे. आपण मनमाडकर, रुळांचे काम रोज पाहतो. जुने स्लीपर काढायचे, नवे बसवायचे. हाडातही तेच अखंड चालते. बीजकोशातील इस्ट्रोजेन काढण्याच्या कामावर लगाम ठेवते. ते अकाली थांबले की काढणे वाढते, बसवणे मागे पडते. दुखत काहीच नाही. पुढे कधी मोरीत पाय घसरतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो.

अशा भगिनीला नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देऊन भागत नाही. अडचण नसेल तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, डॉक्टर हार्मोन देतात. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला मात्र ते सहसा देत नाहीत. तिच्यासाठी हाडांची वेगळी औषधे आहेत. हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते.

घरात काय करावे? नाचणीची भाकरी, तीळ, दूध, दही. दूध मुलांना आणि चहाला, आईच्या वाट्याला नाही, ही आपल्या घरांतली जुनी रीत! परदा पाळणाऱ्या घरालाही गच्ची किंवा अंगण असते. तेथे हातापायांवर ऊन घ्यावे, ड जीवनसत्त्वासाठी. रोज भरभर चालावे. मिश्री सोडावी.

शस्त्रक्रिया सुचवली तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. बीजकोश ठेवणार की काढणार, हे सहीपूर्वी विचारा. ज्यांची झाली आहे, त्यांच्या घरच्या विद्यार्थ्यांनी दवाखान्याचा कागद आजच शोधावा. त्यात काय काय काढले ते लिहिलेले असते. तो घेऊन आईला डॉक्टरांकडे न्यावे.