एक तास काम, सात दिवस पोट
(वस्तीतल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आयाबायांनो,

बेकारीवर बोल म्हणालात. मी अर्थशास्त्री नाय. मॅट्रिक झालो, गोदीत लागलो. कविता लिहितो आणि माल उचलतो. पण पाठीवर गोणी घेणाऱ्याला वजन कळतं. आकड्यालाही वजन असतं, आणि ते कुणाच्या पाठीवर पडतं हे बघायला बी. ए. व्हावं लागत नाय.

सरकारचा आकडा असा: २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांत बेकारी ६ टक्के. २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. म्हणजे सहा वर्षांत जवळजवळ निम्मी. आणि नाक्यावर पोरं तशीच उभी. लगेच आपल्यातला कुणीतरी ओरडतो, "आकडे खोटे आहेत साले!" मी म्हणतो, एवढ्यावर सुटू नका. खोटा आकडा पकडता येतो. आकडा त्याच्या नियमानं खरा असतो आणि तरी आपल्याला गिळतो, तेव्हा काय करायचं? तो नियमच बघितला पाहिजे.

गोदीतल्या कंत्राटी माणसाचा एक आठवडा घ्या. सोमवारी बोट लागली, आठ तास काम. बुधवारी तीन तास. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेटवर उभा. मुकादमानं नाव पुकारलंच नाय. रविवारी तो गेलाच नाय. आता हा माणूस बेकार का कामावर?

सरकारी पाहणीत याला तीन मापं आहेत.

पहिलं वर्षाचं. मागचे ३६५ दिवस बघायचे. जास्त काळ कशात गेला ते मुख्य. पण जोडीला पुन्हा एक नियम: वर्षात ३० दिवस काही कामधंदा केला असेल तरी तो माणूस रोजगारात धरायचा. वर उरले ३३५ दिवस. ते कुणाचे? पेपरातला ३.२ हा याच मापाचा.

दुसरं आठवड्याचं. सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं, तरी तो रोजगारात. आपला गडी इथंही कामावर. चार दिवस गेटवर ऊन खाल्लं ते हिशेबात नाय.

तिसरं दिवसाचं. इथं माणूस मोजत नायत, दिवस मोजतात, आणि दिवसाचेही दोन अर्धे करतात. चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, त्याखाली एक तासापर्यंत अर्धा. आपल्या गड्याचा सोमवार पूर्ण, बुधवार अर्धा. झाले दीड दिवस. काम मागून मिळालं नाय ते साडेचार दिवस. रविवार हिशेबाबाहेर. सहातले साडेचार, म्हणजे ७५ टक्के बेकारी!

तोच माणूस, तोच आठवडा. दुसऱ्या मापानं बेकारी शून्य, तिसऱ्यानं ७५.

हे मी घरचं गणित सांगत नाय. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत तीच घरं, तेच लोक. वर्षाच्या मापानं बेकारी सुमारे २ टक्के, आठवड्याच्या मापानं सुमारे ४, दिवसाच्या मापानं सुमारे ६. एकाच देशाला तीन आकडे, आणि तिन्ही सरकारी. हल्ली ठळक अक्षरांत छापून येतात ते वर्षाचे आणि आठवड्याचे. दिवसाचं माप, जे रोजंदारीवाल्याच्या पोटाला सगळ्यात जवळचं, ते मागच्या बाकावर बसलंय. आपल्यासारखंच.

आता थोडा इतिहास. १९४५ साली युद्धावरून सुटणाऱ्या सैनिकांसाठी सरकारी सेवायोजन कार्यालयं निघाली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा बाबासाहेबांकडं होतं. पुढं कित्येक वर्षं त्या कार्यालयाचं कार्ड म्हणजेच बेकारी असं लोक धरून चालले. पण कार्ड काढणारे बरेचसे शिकलेले आणि शहरातले. त्यात काहींना छोटीमोठी नोकरी असायची, बरी मिळेल म्हणून नाव घातलेलं. गावकुसाबाहेरचा भूमिहीन कार्ड काढायला तालुक्याला जाणार कधी? त्याचा रोज बुडतो. १९७० मध्ये दांतवाला समितीनं स्पष्ट सांगितलं की या देशातल्या बेकारीला एकच एक आकडा लावणं बरोबर नाय. मग १९७२-७३ पासून साधारण पाच पाच वर्षांनी मोठ्या पाहण्या सुरू झाल्या. तीन मापं तिथनं रुजली. २०१७-१८ पासून दर वर्षी पाहणी, आणि २०२५ पासून दर महिन्याला आकडा. एप्रिल २०२५ चा होता ५.१ टक्के. तो आठवड्याच्या मापाचा. कुणी तो ३.२ च्या शेजारी ठेवून "बेकारी वाढली" म्हणाला तर तोही चूक. किलोची तुलना लिटरशी होत नाय, मग ती करणारा आपल्या बाजूचा असो.

२०१७-१८ मध्ये आणखी एक गोष्ट बदलली. पाहणीसाठी घरं निवडताना आधीच्या फेऱ्यांत घराची ऐपत बघत. नव्या पद्धतीत बघू लागले, घरात मॅट्रिक आणि पुढं शिकलेले किती. शिकलेल्या घरात बेकारी जास्त दिसते, कारण तिथला पोरगा दोन वर्षं नोकरीची वाट बघू शकतो. तो अहवाल दाबून ठेवला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी, पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी, राजीनामे दिले. आकडा पेपरात फुटला: सगळी वयं धरून ६.१ टक्के, ४५ वर्षांतला सगळ्यात मोठा. निवडणूक झाल्यावर, ३१ मे २०१९ ला, सरकारनं तोच आकडा जाहीर केला आणि म्हणालं, पद्धत बदललीय, जुन्याशी तुलना करू नका. बरं बाबा, नाय करत. पण मग आकडा उतरला तेव्हा ढोल का वाजवता? पद्धतीचा प्रश्न चढताना आठवतो तसा उतरतानाही आठवला पाहिजे.

तो उतरला कसा, तेही बघा. टक्केवारी काढताना खाली भागायला येतात काम करणारे आणि काम मागणारे. मागून मागून थकला, घरी बसला, "मला नको काम" म्हणाला, तर तो भागाकारातून गळाला आणि बेकारी कमी झाली! उलटीकडून बघा. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या बायांपैकी २३.३ टक्के कामगारांच्या गणतीत होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. या वाढीत मोठा भाग गावच्या बायांचा, घरच्या शेतीत किंवा धंद्यात खपणाऱ्यांचा. त्यातल्या कितीतरी जणींच्या हातावर पगार म्हणून दमडी पडत नाय. पाहणीत त्यांना आकडा आहे २१, घरच्या धंद्यातला मदतनीस. रोजगारात जमा. आणि जी बाई सरपण गोळा करते, गुरांचा चारा आणते, तिचा आकडा ९३. ती कामगार नाय, बेकार नाय, कुणीच नाय. माझ्यासारखा रोजंदारीवाला ५१. काम मिळत नाय तो ८१.

हे ८१ होणं आपल्याला परवडतच नाय, हीच खरी गोम आहे. बापाची पेन्शन असेल, घराचं भाडं येत असेल, तर माणूस ८१ राहील. आपला माणूस संध्याकाळपर्यंत कायतरी करतोच. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली आणि कामगार भाजीची पाटी घेऊन फुटपाथवर बसला. मोजणीत तो स्वयंरोजगारवाला. अनुसूचित जातींत रोजंदारीवर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी मैला साफ करायला माणूस लावायला बंदी घातली, तरी माणूस गटारात उतरवला जातो आणि मरतो. मरायच्या आदल्या दिवशी पाहणीवाला आला असता तर त्यानं काय लिहिलं असतं? रोजगारात आहे.

म्हणून बेकारीच्या टक्क्याला मी एकटा फिरू देत नाय. तीन प्रश्न सोबत लावतो. किती दिवस काम? किती मजुरी? आणि ते काम कुणाच्याच माथी का?

दिवस मोजायला लावता येतात, हे गोदीनंच दाखवलंय. आमच्या आधीच्या पिढ्या गेटवर जनावरासारख्या निवडल्या जायच्या. १९४८ मध्ये गोदी कामगारांचा कायदा आला, त्याखाली नोंदणी झाली, आणि हजर राहूनही काम नाय मिळालं तर त्या दिवसाचा भत्ता मिळू लागला. रिकामा दिवस मालकाच्या वहीत खर्च म्हणून लिहिला गेला. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातही तेच तत्त्व होतं: मागितल्यावर काम द्या, नाय तर भत्ता द्या. पुढं १९८९ मध्ये न्हावाशेवा सुरू झालं, डब्यांतून माल यायला लागला, मुंबईच्या गोदीतले हात कमी होत गेले. नोंदणीवाल्यांच्या जागी कंत्राटी आले. माझ्या रिकाम्या दिवसाला आता भत्ता नाय, म्हणून त्याची नोंदही कुणी ठेवत नाय. ज्या दिवसाचे पैसे कुणाला मोजावे लागत नायत, तो दिवस कुणी मोजत नाय.

तेव्हा आपणच मोजू. प्रत्येक गल्लीत एक वही. घरातल्या प्रत्येक कामकऱ्याचं पान, बायांचंही. पाच रकाने: तारीख, काम मागायला गेला का, किती तास मिळालं, काय काम, हातात किती आले. तीन महिने रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाय, वाढवूनही लिहायचं नाय, कारण पहिला वार त्यावरच होईल. मग ती वही घेऊन नगरसेवकाकडं, कामगार आयुक्ताकडं, पेपरवाल्याकडं जाऊ, आणि त्यांच्या टक्क्याशेजारी आपले दिवस ठेवू.

वह्या मी आणतो. रविवारी पहिल्या गल्लीपासून सुरुवात.

जयभीम.