बजोरची जातिव्यवस्था आणि आमच्या घरातील एक प्रश्न



दूरचित्रवाणीवरील एका काल्पनिक मालिकेविषयी या व्यासपीठावरून बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आम्हालाही वाटले असते. परंतु घराच्या तळघरात बसून आपली मुले काय पाहतात आणि मध्यरात्रीपर्यंत कशावर वाद घालतात, ते जिन्यात उभे राहून ऐकण्याचा प्रसंग आला, आणि आमचे मत पालटले.

१९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’चे रसिक हा एक स्वतंत्र संप्रदायच आहे. १९६७ मध्येच त्यांनी ‘स्पॉकॅनेलिया’ नावाचे हौशी नियतकालिक काढले, तर १९७२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे संमेलन भरले. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने घडवलेल्या क्लिंगॉन भाषेचा शब्दकोश १९८५ मध्ये निघाला. पुढे १९९६ मध्ये शेक्सपिअरचा हॅम्लेटसुद्धा त्या भाषेत अवतरला! या परग्रहवासीयांचे देव, त्यांचे अंत्यविधी, त्यांची कुलनामे यांवर हे रसिक एखाद्या शास्त्रीमंडळासारखे वाद करतात. व्हल्कन लोकांची बोटे फाकवून अभिवादन करण्याची मुद्रा लिओनार्ड निमॉय या नटाने बालपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादावरून घेतली होती. कल्पनेतल्या लोकांचा धर्मही अखेर कुणा खऱ्या माणसांच्या घरूनच येतो.

आमच्या तळघरातील वाद होता बजोर नावाच्या ग्रहाविषयी. हे लोक मालिकेत १९९१ मध्ये आले आणि ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) ही मालिका तर त्यांच्याभोवतीच फिरते. अर्धशतक परकीयांच्या टाचेखाली भरडून निघालेले हे धर्मनिष्ठ लोक. ते रचताना पॅलेस्टिनी, ज्यू, कुर्द, हैतीहून होड्यांतून निघालेले लोक आपल्या डोळ्यांसमोर होते, असे निर्मात्यांनी सांगितलेले आहे. त्या यादीत भारत नाही. तरीही १९९६ च्या आरंभी प्रक्षेपित झालेल्या ‘अॅक्सेशन’ या भागात आपल्या ओळखीची एक गोष्ट अचानक पडद्यावर आली.

दोनशे वर्षांपूर्वीचा अकोरेम नावाचा एक बजोरी कवी काळाच्या विवरातून बाहेर येतो. आपण देवांचे दूत आहोत असे तो सांगतो, आणि ‘डजारा’ पुन्हा पाळा अशी आज्ञा करतो. डजारा म्हणजे जन्माने ठरणारा व्यवसाय आणि त्यानुसार ठरणारी प्रतिष्ठा. परकीय सत्तेशी लढताना सर्वांनाच सैनिक व्हावे लागले, तेव्हा ही व्यवस्था गळून पडली होती. आता किरा या शूर स्त्री-अधिकाऱ्याचे घराणे कलावंतांचे निघाल्यामुळे ती नोकरी सोडायला निघते, मातीशी झटू लागते आणि तिला काही केल्या मूर्ती जमत नाही. रसिक येथे हसतात. पण याच व्यवस्थेत प्रेतांची व्यवस्था करणारा ‘इमुट्टा’ हा वर्ग अपवित्र मानलेला आहे. त्या कुळातला एक धर्मोपदेशक आपले पद सोडण्यास नकार देतो, म्हणून दुसरा धर्मोपदेशक त्याला सज्जावरून ढकलून ठार करतो. आणि हे धर्मकृत्यच होते असे तो शांतपणे मानतो.

तळघरात त्या रात्री पाच-सहा तरुण होते. सारे इथेच वाढलेले, काही आपले, काही गोरे. एकाचे म्हणणे, डजारा हा निव्वळ व्यवसायसंघ आहे. दुसऱ्याचे, परक्या संस्कृतीला आपल्या मापाने मोजू नये. तिसऱ्याची तक्रार अशी की, ही व्यवस्था एवढी जुनी, तर आधीच्या भागांत तिचा उल्लेख का नाही, आणि नंतर ती कुठे गेली? ही तक्रार आम्हाला फार मार्मिक वाटली. जात अशीच असते. सवर्णांच्या कथेत ती कित्येक प्रकरणे दिसतच नाही.

या भागाच्या शेवटावर मात्र आमचा आक्षेप आहे. जातिभेद पाळणाऱ्या ग्रहाला महासंघात प्रवेश मिळणार नाही, असे कप्तान सिस्को स्पष्ट बजावतो, हे स्तुत्यच (सिअॅटल शहराने जातिभेदाविरुद्ध कायदा केला तो २०२३ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी!). पण प्रश्न सुटतो कसा? कवी आणि कप्तान दोघे देवांकडे जातात, आणि कवीला त्या कामासाठी धाडलेलेच नव्हते असे उघड होते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त बोट ठेवले होते ते धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावर. येथे प्रामाण्य तसेच राहते, केवळ निकाल बदलतो. उद्या देवांनी उलट कौल दिला असता तर? आणि मेलेल्या त्या इमुट्टाच्या घरी कोण गेले? कवी आपल्या काळात परततो, त्याची अपूर्ण कविता पूर्ण होते. इमुट्टाविषयी पुढे शब्द नाही.

आम्ही वैद्यकीय शिक्षण घेतले तेथे शवागारात प्रेत उचलणारे, उघडणारे, पुन्हा शिवणारे हात एकाच समाजाचे असत. आम्ही डॉक्टर मंडळी नोंद करीत असू. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, त्याचे आम्हाला कौतुकाने सांगितले गेले. त्यापूर्वी शतकानुशतके प्रेते हाताळणाऱ्यांचे नाव कुणी सांगितले नाही.

मंडळी पांगल्यावर आमची कन्या वर आली. तिने विचारले, “आपण इमुट्टा होतो का?”

वीस वर्षे आम्ही घरात बुद्धवंदना म्हटली, चौदा एप्रिल साजरा केला, पण हे कधी बोललो नव्हतो. मुलांवर ओझे नको, अशी आमची समजूत होती. त्या रात्री सांगितले. आजोबा गावची मेलेली ढोरे ओढीत. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते काम आणि ते मांस सोडण्याचे आवाहन केले. ते आजोबांच्या कानी आले आणि त्यांनी सोडले. कुठल्या देवाचा कौल त्यांनी घेतला नाही.

तिने सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, “मग त्या वर्षी घरी काय खाल्लं?”

आजोबा आम्ही दहावीत असेपर्यंत हयात होते. आम्ही त्यांना हे कधीच विचारले नव्हते.

जयभीम.