अर्थशास्त्रातली पीएच.डी. आणि घरचं बजेट

(मंडळाच्या गणेशोत्सवात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)

 

मी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करतो. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. हा पीएच.डी.वर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण माझ्या पुतणीला यंदा अमेरिकेत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आणि दोन वर्षं तिच्या अर्जांची फाइल मी सांभाळली. फाइल सांभाळणं हे तर आमचं रोजचंच काम!

आपल्या बडोद्याला हा विषय नवा नाही. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. पुढे पैसे जमवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. एवढ्या बुद्धिमान माणसालाही पैशाने अडवलं.

म्हणून पहिला मुद्दा पैशाचा. आमचे दादा-वहिनी फ्लॅटवर कर्ज काढायला निघाले होते. एका एजंटने मास्टर्सचा लाखांतला हिशेबही हातात ठेवला होता. पण अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि वर राहण्या-खाण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायची. अभ्यासक्रम पाच-सहा वर्षांचा. मास्टर्सला अशी सोय सहसा नसते. हा फरक समजला आणि फ्लॅटचे कागद परत कपाटात गेले. खर्च होतो तो अर्जांचा. एका अर्जाला साधारण शंभर डॉलर धरा. काही ठिकाणी विनंती केल्यास ही फी माफ होते, तेव्हा विचारायला लाजू नका.

दुसरा मुद्दा गणिताचा. अर्थशास्त्र म्हणजे बजेटवरची चर्चा, असा आपला समज. तिथली निवड समिती कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता आणि रिअल अॅनालिसिस यांतले गुण बघते. ही तयारी बी.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून हवी. शेवटच्या वर्षी जागं होऊन भागत नाही.

तिसरा मुद्दा शिफारसपत्रांचा. अशी तीन पत्रं लागतात आणि ती शिक्षकांनी स्वतः ऑनलाइन पाठवायची असतात. एका सरांनी पुतणीला सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." तिने नम्रपणे नाही म्हटलं आणि जिच्या हाताखाली तिने प्रकल्प केला होता, त्या बाईंकडे गेली. मुलीचं काम जवळून पाहिलेल्या माणसाच्या पत्राला वजन असतं. हुद्दा मोठा असून काम पाहिलेलं नसेल, तर उपयोग नाही.

आता वेळापत्रक. बहुतेक अर्ज डिसेंबरात जातात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. विद्यावेतनासह जागा मिळालेल्यांना उत्तर द्यायला सहसा 15 एप्रिलपर्यंत मुदत असते. आमच्या दहा अर्जांपैकी आठ ठिकाणी नकार, एक प्रतीक्षायादी आणि एक जागा, पण विद्यावेतनाशिवाय. दादा म्हणाले, "आता काढूच कर्ज." पुतणी म्हणाली, "बाबा, पैसे देऊन पाच वर्षं काढायची नाहीत. नाही जमलं तर इथेच एखाद्या संशोधन प्रकल्पावर काम करीन आणि पुन्हा अर्ज करीन." घरात चार दिवस कोणी नीट जेवलं नाही. शेवटी तिने ती जागा नाकारली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी आपली जागा सोडली असावी. प्रतीक्षायादीतून तिचा नंबर लागला, विद्यावेतनासह.

हा मेल आला नसता तरी तिचा निर्णय बरोबरच होता, असं मी आजही म्हणतो. आठ नकार म्हणजे मुलगी हुशार नाही असं नव्हे. जागा मोजक्या आणि अर्ज जगभरातून येतात.

"सहा वर्षं? मग लग्न कधी?" हा प्रश्न आम्हालाही याच मांडवात विचारला गेला. मुलगा सहा वर्षांसाठी निघाला असता तर आपण हेच विचारलं असतं का, एवढं घरी जाऊन प्रत्येकाने स्वतःशी बोलावं.

ज्यांच्या घरी असं मूल असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावं. फाइल माझ्याकडे आहे, झेरॉक्स काढून देईन.