आहे तसा माणूस : चित्रकार टॉमस ईकिन्स



स्वतःचं चित्र काढून घेणाऱ्याची चित्रकाराकडून एक साधी अपेक्षा असते: आहे त्याहून जरा बरं दिसू द्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ही अपेक्षा पुरवण्यावर कितीतरी चित्रकारांचे संसार चालले. फिलाडेल्फियाच्या टॉमस ईकिन्सने मात्र ती मनावर घेतली नाही.

त्याचा जन्म १८४४चा. वडील अक्षरलेखनाचे शिक्षक, त्यामुळे रेषेचं वळण घरातच लागलं. चित्रकला शिकताना त्याने जेफरसन मेडिकल कॉलेजात शरीररचनेचेही धडे गिरवले. १८६६मध्ये तो पॅरिसला गेला, तिथे चित्रकार जेरोमच्या हाताखाली शिकला आणि १८७०मध्ये गावी परतला तो कायमचाच.

१८७५ साली त्याने जेफरसन मेडिकल कॉलेजातलेच नामवंत सर्जन डॉ. सॅम्युअल ग्रॉस यांना रंगवलं. आठ फूट उंचीचं हे चित्र 'द ग्रॉस क्लिनिक' म्हणून ओळखलं जातं. शस्त्रक्रिया चालू आहे. रुग्णाची मांडी उघडलेली आहे. डॉक्टर क्षणभर थांबून वळले आहेत. वरून येणारा उजेड त्यांच्या कपाळावर आणि पिकल्या केसांवर पडला आहे. हातात शस्त्र, बोटं रक्ताने माखलेली. मागे एका बाईने हाताने तोंड झाकून घेतलं आहे. ती रुग्णाची आई असावी. सगळे सर्जन रोजच्या काळ्या कोटात. निर्जंतुक शस्त्रक्रियेची रीत तिथे अजून रुजायची होती.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १८७६मध्ये भरलेल्या प्रदर्शनात कलादालनाने हे चित्र नाकारलं. ते लागलं लष्करी रुग्णालयाच्या दालनात! पुढे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी ते २०० डॉलरला घेऊन कॉलेजला दिलं.

ईकिन्सने आपला मार्ग सोडला नाही. पेनसिल्व्हेनिया अकादमीत शिकवताना उघड्या मानवी देहाचा अभ्यास विद्यार्थिनींनीही करायला हवा, असा त्याचा आग्रह होता. त्यापायी १८८६मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. पैसे देऊन चित्र काढून घेणारे थोडेच येत; तो स्वतःच लोकांना बसायची विनंती करी. थकलेले डोळे, कपाळावरच्या आठ्या तो जशाच्या तशा रंगवी. काहींना ते रुचत नसे. वृद्ध कवी वॉल्ट व्हिटमनला मात्र स्वतःचं चित्र मनापासून पटलं.

१८८९मध्ये त्याने 'द अ‍ॅग्न्यू क्लिनिक' हे शस्त्रक्रियेचंच आणखी एक चित्र रंगवलं. त्यात सर्जन पांढऱ्या कपड्यांत आहेत. चौदा वर्षांत वैद्यकशास्त्र किती पुढे गेलं, हे दोन चित्रं शेजारी ठेवली की कळतं. डोळ्यांसमोरचं खरं रंगवणाऱ्याच्या हातून इतिहासही असा नोंदला जातो.

१९१६मध्ये ईकिन्स वारला. २००६मध्ये 'ग्रॉस क्लिनिक' ६ कोटी ८० लाख डॉलरला शहराबाहेर विकलं जाणार होतं, तेव्हा फिलाडेल्फियाकरांनी वर्गणी गोळा करून ते राखलं. खुशामत न करता माणसाकडे नीट पाहणं हा त्या माणसाचा मानच असतो. ईकिन्सने तो आयुष्यभर दिला; त्याच्या शहराने तो उशिरा का होईना, त्याला परत केला.